बायकांमध्ये महान चित्रकार का झाले नाहीत? लिंडा नॉकलिनचं उत्तर, सोप्या भाषेत

नोव्हेंबर 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज या लिलावगृहात मेक्सिकोची चित्रकार फ्रीडा काहलो हिचं 1940 सालचं एक चित्र 5 कोटी 47 लाख डॉलरना विकलं गेलं. एखाद्या स्त्री चित्रकाराच्या चित्राला लिलावात मिळालेली ही तोवरची सर्वांत मोठी किंमत, म्हणून जगभर मथळे झळकले. त्याच आठवड्यात, त्याच लिलावगृहात गुस्टाफ क्लिम्टनं रंगवलेलं एका तरुणीचं व्यक्तिचित्र 23 कोटी 64 लाख डॉलरना गेलं. म्हणजे बाईनं काढलेल्या चित्राच्या चौपटीहून जास्त भाव पुरुषानं काढलेल्या बाईच्या चित्राला.

अशी बातमी आली की कुणीतरी हमखास विचारतं: लिओनार्दो, मायकेलअँजेलो, रेम्ब्रां, पिकासो यांच्या तोडीची एक तरी बाई दाखवा. विचारणाऱ्याच्या मनात दर वेळी खोट असते असं नाही. शाळेपासून कानावर पडलेली सगळी नावं खरंच पुरुषांचीच असतात. उत्तर देणाऱ्याची मात्र पंचाईत होते. ‘आहेत की’ म्हणावं तर नावं आठवत नाहीत, आणि ‘नाहीत’ म्हणावं तर पुढचा प्रश्न तयार असतो: मग बायकांना ते जमतच नाही का?

या पेचातून बाहेर काढणारं सगळ्यांत गाजलेलं उत्तर 1971 सालच्या एका निबंधात आहे. लिहिणारीचं नाव लिंडा नॉकलिन, अमेरिकन कला-इतिहासकार. निबंध अवघड समजला जातो, त्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेलेत. पण माझं मत असं, की तो समजून घ्यायचा सोपा रस्ता नॉकलिनच्या स्वतःच्या शिक्षणातून जातो. तिचा मुद्दा शिक्षणाचाच आहे, आणि त्याचा पहिला पुरावा ती स्वतः आहे.

आधी, कला-इतिहासकार करतात काय?

चित्र सुंदर आहे की नाही हे सांगणं त्यांचं काम नाही. निदान तेवढंच नाही. चित्र कुणी, कधी, कुणाच्या पैशानं, कुठल्या जागेसाठी काढलं, चित्रकार ते कुठे शिकला, पाहणाऱ्यांना त्यात काय दिसलं, याचा माग ते काढतात. त्यासाठी जुनी पत्रं, हिशेबाच्या वह्या, प्रदर्शनांच्या याद्या, वर्तमानपत्रांतली परीक्षणं चाळावी लागतात, दोन-तीन परक्या भाषा शिकाव्या लागतात. काम बरंचसं वकिलाचं, बरंचसं कारकुनाचं. उरलेलं डोळ्यांचं.

ब्रुकलिनची मुलगी, व्हॅसारची विद्यार्थिनी

लिंडाचा जन्म 30 जानेवारी 1931 चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. माहेरचं आडनाव वाइनबर्ग. घर ज्यू, पण कर्मकांड फारसं नाही. डाव्या विचारांचं आणि वाचणाऱ्या माणसांचं. ती एकुलती एक. वाढली क्राउन हाइट्स वस्तीत, म्हणजे ब्रुकलिन म्युझियमच्या शेजारातच. शाळाही नव्या पद्धतीची, प्रयोगशील.

पुढे ती न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसन नदीकाठच्या पकीप्सी गावी व्हॅसार कॉलेजात गेली. हे कॉलेज जरा जवळून बघायला हवं. मॅथ्यू व्हॅसार नावाच्या बिअर बनवणाऱ्या श्रीमंत माणसानं 1861 मध्ये खास मुलींसाठी ते स्थापन केलं. सुरुवातीच्या आराखड्यातच कलासंग्रहाची गॅलरी होती, आणि नेमलेल्या पहिल्या प्राध्यापकांत खगोलशास्त्रज्ञ मरिया मिचेल होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, जेव्हा मुलींनी कॉलेजात जावं की नाही यावरच वाद चालू होता, तेव्हा इथे दुर्बीणही होती आणि चित्रंही. शिकवणाऱ्यांतही बायका, शिकायला बायका. लिंडाच्या काळात तिथल्या कला विभागात आग्नेस रिंज क्लॅफ्लिन नावाच्या प्राध्यापिका शिकवत आणि गॅलरीही चालवत. ‘बाईला हे जमेल का’ हा प्रश्न तिथे वर्गात कुणाला पडतच नसे. वर्गात दुसरं कुणी जवळपास नव्हतंच.

1951 मध्ये तिनं तत्त्वज्ञानात बी.ए. केलं, जोडीला ग्रीक भाषा आणि कला-इतिहास. पुढच्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातून इंग्रजी साहित्यात एम.ए. आणि मग न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ फाइन आर्ट्स’मध्ये पीएच.डी.ची सुरुवात. या संस्थेची गंमत अशी, की तिथल्या मोठमोठ्या प्राध्यापकांतले बरेच जण हिटलरच्या तडाख्यातून निसटून आलेले जर्मन विद्वान होते. संस्थेचे संचालक वॉल्टर कुक गमतीनं म्हणत, की हिटलर आपला फार जवळचा मित्र आहे. तो झाड हलवतो आणि आपण सफरचंदं वेचतो.

प्रबंधाचा विषय होता फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह कुर्बे आणि त्याचा वास्तववाद. वास्तववाद म्हणजे देवदेवता, राजेरजवाडे सोडून रस्त्यावर खडी फोडणारे मजूर आणि गावातली मयत यांना भल्यामोठ्या कॅनव्हासवर जागा देणं. कुर्बेनं हे का केलं, 1848 च्या क्रांतीशी त्याचा काय संबंध, समाजात काय चाललं होतं म्हणून असं चित्र शक्य झालं, हे ती शोधत होती. चित्रामागचा समाज बघायची ही सवय इथे लागली. ती पुढे कामी येणार होती.

या वर्षांत आयुष्य काही सरळ चाललेलं नव्हतं. 1952 पासून ती व्हॅसारमध्येच शिकवू लागली. तिथलेच तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक फिलिप नॉकलिन यांच्याशी 1953 मध्ये लग्न झालं, मुलगी झाली. फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन 1958-59 मध्ये ती पॅरिसला कुर्बेचे कागद धुंडाळून आली. आणि 1960 मध्ये फिलिप वारले. पदरात लहान मुलगी, शिकवणं पकीप्सीला आणि शिकणं न्यूयॉर्कला, अशा परिस्थितीत तिनं 1963 मध्ये पीएच.डी. पुरी केली. पुढे 1968 मध्ये वास्तुकलेचे इतिहासकार रिचर्ड पॉमर यांच्याशी तिनं दुसरं लग्न केलं.

एका गॅलरीवाल्याचा प्रश्न

1969 मध्ये इटलीतला मुक्काम संपवून ती परतली, तेव्हा अमेरिकेत स्त्रीमुक्तीचं वारं जोरात होतं. एका मैत्रिणीनं तिच्या हातात चळवळीची पत्रकं-मासिकं ठेवली. तिनं ती रात्रभर जागून वाचली आणि वर्गात जाऊन विषयच बदलून टाकला: आता आपण ‘स्त्रिया आणि कला’ शिकायचं. अमेरिकी कॉलेजांमधल्या या विषयावरच्या अगदी पहिल्या वर्गांपैकी हा एक. पाठ्यपुस्तक नाही, याद्या नाहीत, स्लाइडही नाहीत. विद्यार्थिनींनी आणि बाईंनी मिळून सगळं शोधून काढायचं.

मग 1970 सालचा व्हॅसारचा पदवीदान समारंभ. प्रमुख वक्त्या होत्या स्त्रीमुक्ती चळवळीतल्या ग्लोरिया स्टायनम. पाहुण्यांत न्यूयॉर्कचे नामांकित गॅलरीमालक रिचर्ड फाइगन होते. ते नॉकलिनला म्हणाले, की बायकांची चित्रं लावायला मला आवडेल, पण चांगल्या सापडतच नाहीत. महान स्त्री चित्रकार का झाल्या नाहीत?

घरी आल्यावरही प्रश्न डोक्यातून जाईना. उत्तर लिहून झालं तेव्हा त्याचा लांबलचक निबंध झाला होता. जानेवारी 1971 मध्ये तो ‘आर्टन्यूज’ मासिकात छापून आला, आणि शीर्षकात तिनं तोच प्रश्न जसाच्या तसा ठेवला.

उत्तर एका दमात

नॉकलिन म्हणते, या प्रश्नाला घाईघाईनं उत्तर देऊच नका. तो आपल्याला दोनच वाटा देतो. एक, विस्मृतीत गेलेल्या दहा चित्रकर्ती खणून काढा आणि ‘या बघा’ म्हणा. दुसरी, बायकांची कला वेगळ्याच जातीची असते, तिचं मोजमाप वेगळं, असं म्हणा. दोन्ही वाटांनी गेलं की प्रश्नात दडलेली समजूत आपण निमूट मान्य केलेली असते. समजूत अशी, की महान कला म्हणजे एखाद्या असामान्य माणसाच्या आत जन्मतः असलेला दिव्य अंश. तो असला की कशालाही न जुमानता बाहेर येतो. मेंढ्या राखणारा पोरगा जॉत्तो दगडावर मेंढ्या चितारत असताना चिमाबुए तिथून गेला आणि त्याला शिष्य करून घेतलं, ही इटलीतली दंतकथा त्याच समजुतीतली.

तिचं म्हणणं: कला हवेत उगवत नाही. ती शिकावी लागते, आणि शिकवणाऱ्या व्यवस्था कुणाला आत घ्यायचं ते ठरवतात. बायका मागे पडल्या त्याचं कारण त्यांच्या नशिबात, हार्मोन्समध्ये किंवा पाळीत नाही. ते आपल्या संस्थांमध्ये आणि शिक्षणात आहे.

‘संस्था’ म्हणजे इथे नुसती इमारत आणि रजिस्टर नव्हे. घर, गुरू, वर्ग, शिष्यवृत्ती, स्पर्धा, गिऱ्हाईक, टीकाकार अशी ती पूर्ण साखळी. मराठी माणसाला हे सचिन तेंडुलकरवरून चटकन कळेल. प्रतिभा होतीच. पण थोरल्या भावानं, अजितनं, त्याला आचरेकर सरांकडे नेलं. शाळा बदलून शारदाश्रममध्ये घातलं. सरावाला सोपं पडावं म्हणून तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहिला. पुढे शालेय स्पर्धा, निवड समित्या, रणजी. आता 1984 सालच्या त्याच घरात, तेवढ्याच हाताची एक मुलगी होती असं धरा. साखळीतली कुठली कडी तिच्यासाठी जागेवर होती? नॉकलिनही असाच डाव टाकते. पिकासोचे वडील चित्रकलेचे शिक्षक होते. पोरानं लहान वयातच भराभर परीक्षा पार केल्या. पाब्लोऐवजी पाब्लिता जन्माला आली असती, तर वडिलांनी तिच्यावर तेवढीच मेहनत घेतली असती का, असं ती विचारते.

विवस्त्र मॉडेल आणि गाय

निबंधातला सगळ्यांत भक्कम भाग हा आहे, त्यामुळे इथे थोडं थांबू.

पंधराव्या-सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या अखेरीपर्यंत युरोपात सगळ्यांत मानाचं चित्र म्हणजे ‘इतिहासचित्र’: पुराणकथा, बायबल, लढाया. त्यात माणसांचे देह वळलेले, झुंजणारे, कोसळणारे. ते काढायचे तर विवस्त्र माणूस समोर बसवून वर्षानुवर्षं रेखाटनं करावी लागत. या वर्गाला ‘लाइफ क्लास’ म्हणतात. अकादमीतलं शिक्षण त्याच्याशिवाय पुरं होत नसे. आणि बायकांना तिथेच मज्जाव. लंडनच्या रॉयल अकादमीत 1893 पर्यंत विद्यार्थिनींना लाइफ क्लासमध्ये प्रवेश नव्हता, आणि मिळाल्यावरही मॉडेलला थोडंफार झाकलेलं असे. पॅरिसच्या एकोल दे बोझार या सरकारी कलाशाळेचं दार बायकांसाठी उघडलं 1897 मध्ये. अमृता शेरगिल 1930 च्या सुमारास तिथे शिकली. तिच्या आजीच्या पिढीला ते शक्यच नव्हतं.

याचा पुरावा कागदपत्रांत शोधायलाही नको, एका चित्रातच आहे. 1768 मध्ये रॉयल अकादमी स्थापन झाली तेव्हा संस्थापक सदस्यांत दोन स्त्रिया होत्या, अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर. चार वर्षांच्या आत योहान झोफनी या चित्रकारानं सदस्यांचं समूहचित्र काढलं. प्रसंग लाइफ क्लासचा: विवस्त्र पुरुष मॉडेल, भोवती कोट घातलेले सदस्य गप्पा मारताहेत, न्याहाळताहेत. काउफमन आणि मोझर कुठे आहेत? भिंतीवर. टांगलेल्या दोन चौकटींत, व्यक्तिचित्रं म्हणून. सदस्य असूनही त्या खोलीत त्यांनी असणं बरं दिसलं नसतं. त्यांच्यानंतर अकादमीत पूर्ण सदस्य म्हणून स्त्री निवडली गेली ती थेट 1936 मध्ये, लॉरा नाइट.

नॉकलिन दुसरा दाखला देते तो फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया अकादमीतल्या एका छायाचित्राचा. 1880 च्या दशकातला मुलींचा वर्ग मातीकामात गढला आहे, आणि मॉडेल म्हणून वर्गात उभी आहे चक्क एक गाय. बायकांना पुरुषाचा देह दाखवायचा नाही, मग दाखवा गाय, असा तिचा टोला. विद्यार्थ्याला चित्रासाठी माणसाचं शरीर नाकारणं म्हणजे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शवविच्छेदन नाकारण्यासारखं, असं ती म्हणते.

हे वाक्य वाचताना मराठी वाचक अडखळणार. कारण त्याच फिलाडेल्फियात, त्याच वर्षांत, आपली आनंदीबाई जोशी होती. विमेन्स मेडिकल कॉलेजातून ती मार्च 1886 मध्ये एम.डी. झाली; मानवी शरीराचा अभ्यास तिथे अभ्यासक्रमातच होता. एका शहरात कल्याणची मुलगी डॉक्टर व्हायला शरीर शिकते आहे आणि चित्रकार व्हायला निघालेल्या मुलींपुढे तेच झाकलं जातं आहे. फरक पडला तो कुठल्या संस्थेनं कुठलं दार उघडलं यानं.

इथे नॉकलिनला थोडं टोकायला हवं. गायीचा टोला झणझणीत आहे, पण पुरता न्याय्य नाही. पेनसिल्व्हेनिया अकादमीत तोवर मुलींना स्त्री मॉडेलवरून रेखाटन करायची सोय होती, आणि तिथले शिक्षक थॉमस एकिन्स प्राण्यांच्या शरीररचनेवर भर देत ते सगळ्यांसाठीच. खरी अडचण पुरुष मॉडेलची होती. तिचा पुरावा गायीपेक्षा बोलका आहे: मुलींसमोर पुरुष मॉडेलची लंगोटी काढली म्हणून 1886 च्या फेब्रुवारीत याच एकिन्सना राजीनामा द्यावा लागला. आनंदीबाईच्या पदवीच्या एक महिना आधी.

वडील कोण, ते बघा

तरीही काही बायका पोचल्याच. कशा? नॉकलिनच्या लक्षात आलं, की जवळजवळ प्रत्येकीचा बाप चित्रकार होता, नाहीतर जवळचा कुणी ताकदवान पुरुष कलावंत. अकादमीचं दार बंद असलं तरी घरातली कार्यशाळा उघडी होती. सतराव्या शतकातल्या आर्तेमिझिया जेंतिलेस्कीला वडिलांनी, ओराझिओंनी, शिकवलं. काहलोचे वडील छायाचित्रकार आणि नवरा नामवंत चित्रकार दिएगो रिव्हेरा.

निबंधाच्या शेवटी ती रोझा बोनर या फ्रेंच चित्रकर्तीकडे वळते. हिचे वडीलही चित्रकला शिकवत. रोझाचं ‘घोडेबाजार’ हे चित्र पाच मीटर रुंद आहे. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. त्यासाठी ती पॅरिसच्या घोडेबाजारात बसून रेखाटनं करी, आणि कत्तलखान्यांत जाऊन जनावरांची शरीरं अभ्यासी. तिथे घागरा घालून वावरणं अशक्य, म्हणून पँट घालायची. पण त्या काळी बाईनं पॅरिसमध्ये पुरुषी पोशाख करायचा तर पोलिसांचा परवाना लागे! तोही तिनं काढला. 1865 मध्ये फ्रान्सच्या महाराणी युजेनीच्या हस्ते तिला लीजन ऑफ ऑनर हा फ्रान्सचा मोठा राष्ट्रीय सन्मान मिळाला. हा मान मिळवणारी ती पहिली चित्रकर्ती. एवढं होऊनही ती सांगत राहिली, की पँट म्हणजे आपले नुसते कामाचे कपडे, त्यातून भलतासलता अर्थ काढू नका. नॉकलिनची नजर नेमकी या सफाईवर जाते. शिखरावर पोचलेल्या बाईलाही स्पष्टीकरण द्यावं लागतं, आणि त्यात जाणारी शक्ती चित्रातून वजा होते.

मुंबईतही हेच दिसतं. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून पुढे आलेल्या सुरुवातीच्या चित्रकर्तींमध्ये अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद ही दोन ठळक नावं. एक एम. व्ही. धुरंधरांची लेक, दुसरी मूळ गोव्याचे अँटोनियो झेवियर त्रिंदाद यांची. दोघींचेही वडील जे. जे.त शिकवत. ज्यांच्या बापाकडे ब्रश नव्हता अशा मुली किती असतील, त्यांची यादी अर्थातच कुणाकडे नाही.

‘खरी प्रतिभा लपून राहत नाही’

हा आक्षेप हमखास येतो. गरिबीतून वर आलेल्या कलावंतांची उदाहरणं दिली जातात. त्यावर नॉकलिन एक उलटा प्रश्न विचारते: सरदार-उमरावांमधून महान चित्रकार का झाले नाहीत? पैसा त्यांच्याकडे, वेळ त्यांच्याकडे, घरात उत्तमोत्तम चित्रं. तरी तुलूझ-लोत्रेक सोडला तर नाव घेण्यासारखं कोण? उमरावांच्या रक्तात कला नसते असं कुणी म्हणत नाही. सगळे म्हणतात, त्यांच्याकडून ती अपेक्षाच नव्हती. त्यांचा दिवस शिकार, दरबार, भेटीगाठी यांत जायचा. मग बायकांची गोष्ट निघाली की लगेच रक्तातली कारणं का आठवतात?

बायकांकडून अपेक्षा होती ती थोडं थोडं सगळं येण्याची. एकोणिसाव्या शतकातली शिष्टाचाराची पुस्तकं मुलींना बजावत, की एकाच गोष्टीत झळकण्यापेक्षा अनेक गोष्टी बऱ्यापैकी येणं चांगलं. आपल्याकडच्या बघायच्या कार्यक्रमात ‘चित्रंही छान काढते हो’ म्हणून पुढे केलेली वही याच शिकवणीतली. छान काढावीत, पण त्यासाठी स्वयंपाक राहता कामा नये.

‘पण होत्या की महान चित्रकर्त्या!’

हा आक्षेप दुसऱ्या बाजूनं, खुद्द स्त्रीवाद्यांकडून आला. नॉकलिननं जणू मान्यच करून टाकलं, की मायकेलअँजेलोच्या तोडीची बाई नाही. मायकेलअँजेलोच्या जोडीला बसेल अशी स्त्री नाही हे तिनं खरंच स्पष्ट लिहिलं होतं. उगीच ओढूनताणून बरोबरी दाखवली, तर दार बंद असण्यानं काही बिघडलंच नव्हतं असा अर्थ होतो, ही तिची भूमिका. मला ती पटते. बंदीनं नुकसान झालंच नसेल तर तक्रार कशाबद्दल?

पण शोध घ्यायचा नाही असं ती कुठे म्हणाली नव्हती, आणि पाच वर्षांनी तिनंच तो घेतला. अॅन सदरलंड हॅरिस या सहकारी इतिहासकाराबरोबर तिनं ‘स्त्री चित्रकार: 1550 ते 1950’ हे प्रदर्शन उभं केलं. डिसेंबर 1976 मध्ये ते लॉस एंजेलिसमध्ये उघडलं आणि फिरत फिरत 1977 मध्ये ब्रुकलिन म्युझियममध्ये, तिच्या लहानपणच्या गल्लीशेजारी, आलं. ऐंशीहून जास्त चित्रकर्ती. कित्येक चित्रं तळघरांतून झाडून काढलेली. आज आर्तेमिझियाचं नाव लोकांना माहीत आहे त्यात या प्रदर्शनाचा वाटा मोठा.

‘महान’ कोण, हे ठरवणार कोण?

ब्रिटनमधल्या स्त्रीवादी कला-इतिहासकार रोझिका पार्कर आणि ग्रिझेल्डा पोलॉक यांनी 1981 मध्ये त्याहून खोल आक्षेप घेतला. नॉकलिन बंद दारं दाखवते, पण आतल्या खोलीतली फूटपट्टी तशीच ठेवते. तैलचित्र म्हणजे कला आणि भरतकाम म्हणजे हस्तकला, ही विभागणी केली कुणी? बायका ज्यात पारंगत होत्या तेच नेमकं ‘कला’ या यादीबाहेर राहिलं.

हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो, आणि तो समजायला डहाणूपर्यंत जावं. वारली लग्नात झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नचौक लिहायचा मान परंपरेनं सवाशिणींचा. पिढ्यान्‌पिढ्या ते त्यांनी केलं. एकीचंही नाव बाहेर कळलं नाही. 1970 च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी तिथे कागद आणि रंग नेले, चित्र भिंतीवरून उतरलं, विकता येऊ लागलं. आणि जगभर गेलेलं पहिलं नाव झालं जिव्या सोमा म्हसे यांचं. ते थोर चित्रकार होते यात शंका नाही, 2011 ची पद्मश्री सार्थच. पण कागद आला, सही आली, प्रदर्शन आलं, तेव्हा ‘कलावंत’ झाला तो पुरुष. पार्कर-पोलॉक यांचा आक्षेप आणि नॉकलिनचं उत्तर, दोन्ही इथे एकाच भिंतीवर दिसतात.

हे निव्वळ बायकांचं गाऱ्हाणं आहे का?

नाही, ही पद्धत आहे. 1983 मध्ये नॉकलिननं तीच वेगळ्या विषयाला लावली. ज्याँ-लेऑं जेरोम या फ्रेंच चित्रकाराचं ‘गारुडी’ नावाचं चित्र आहे: निळ्या फरशांची भिंत, अंगाला साप गुंडाळलेला उघडा पोरगा, बघत बसलेले पौर्वात्य पुरुष. विचारवंत एडवर्ड सईद यांच्या 1978 च्या पौर्वात्यवादावरच्या, म्हणजे पूर्वेकडे बघायच्या पाश्चात्त्य नजरेवरच्या, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हेच होतं. फरशा इतक्या बारकाईनं काढल्यात की आपण चित्र खरं मानतो. नॉकलिन विचारते, या चित्रात नाही काय? त्या काळी पूर्वेत जागोजागी असलेला युरोपियन माणूस नाही. कुणी काम करताना नाही. पूर्व म्हणजे आळशी, थिजलेली, बघायची वस्तू. चित्राच्या चौकटीबाहेर कोण उभं आहे, हा तिचा कायमचा प्रश्न. गारुड्यांचा देश म्हणून ज्यांनी खूप ऐकून घेतलंय, त्यांना तो जास्तच कळेल.

आता तर दारं उघडी आहेत, मग?

उघडली, त्यातली काही तर तिच्या डोळ्यांदेखत. ती ज्या विद्यापीठात शिकली तिथल्याच एच. डब्ल्यू. जॅन्सन या प्राध्यापकांचा कला-इतिहासाचा जाडजूड ग्रंथ 1962 पासून अमेरिकाभर पाठ्यपुस्तक होता. पहिल्या आवृत्तीत एकही स्त्री चित्रकार नव्हती. त्यांच्या मुलानं 1986 ची आवृत्ती काढली तेव्हा त्या आत आल्या. पण 1989 मध्ये ‘गरिला गर्ल्स’ या मुखवटाधारी गटानं मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जाऊन मोजणी केली: आधुनिक कलेच्या दालनांत चित्रकारांमध्ये बायका 5 टक्क्यांहून कमी, आणि विवस्त्र देहांच्या चित्रांत मात्र 85 टक्के बायका. वर्गात प्रवेश मिळणं ही पहिली कडी. त्यापुढे गॅलरी, संग्रहालयाची खरेदी, समीक्षा, भाव या कड्या आहेत, आणि त्या एकेक करून तपासाव्या लागतात.

नॉकलिननं व्हॅसारनंतर न्यूयॉर्कचं सिटी विद्यापीठ, येल आणि शेवटी आपलीच जुनी संस्था, इन्स्टिट्यूट ऑफ फाइन आर्ट्स, इथे शिकवलं. 2013 मध्ये ती निवृत्त झाली. सप्टेंबर 2017 मध्ये पॅरिसच्या फॅशन सोहळ्यात डिओर कंपनीच्या मॉडेलच्या अंगावर तिच्या निबंधाचं शीर्षक छापलेला पट्ट्यापट्ट्यांचा टॉप होता, आणि पाहुण्यांना निबंधाच्या प्रती वाटल्या गेल्या. पुढच्याच महिन्यात, 29 ऑक्टोबरला, वयाच्या 86 व्या वर्षी ती गेली.

पन्नास वर्षं झाली म्हणून 2021 मध्ये निबंध छोटेखानी पुस्तकाच्या रूपात पुन्हा निघाला. मूळ इंग्रजीतून वाचायचा असेल तर सुरुवातीची काही पानं जड जातील, वाक्यं लांबलचक आहेत. रोझा बोनरच्या भागापासून सुरू केलं आणि मग मागे आलं तरी चालतं.